विचारा बिनधास्त: बसमध्ये नाही, बसच्या दाराशी लक्ष द्या

ताई, मुलगी यंदा पहिलीत गेली. शाळेची बस मोठी आहे पण एकाही सीटला बेल्ट नाही. मिस्टर म्हणतात बस बंद कर, आपण आपल्या कारने सोडू, तिथे बेल्ट तरी आहे. मला काही सुचत नाहीये, काय करू?

मिस्टरांचं म्हणणं चुकीचं नाहीये, अर्धवट आहे. मोठ्या स्कूलबसमध्ये बेल्टचं बरंचसं काम सीटच करते. पाठ उंच, आतून जाड गादी आणि दोन सीटमधलं अंतर कमी, त्यामुळे समोरून धडक बसली तर पोर पुढच्या सीटच्या गादीवर आपटतं आणि तिथेच अडकतं, लांब फेकलं जात नाही. अमेरिकेत १९७७ पासून मोठ्या बसला अशाच सीट सक्तीच्या आहेत आणि तिथलं रस्तासुरक्षा खातं सांगतं की कारपेक्षा स्कूलबसने मूल सुखरूप पोचायची शक्यता सुमारे ७० पट जास्त. आता हे त्यांच्या बसबद्दल हं! तुमच्या बसमध्ये एकदा स्वतः चढून बघा, सीटची पाठ बुटकी आणि वर लोखंडी दांडा उघडा असेल तर हा हिशोब तिथे लागू नाही, शाळेशी बोलायलाच हवं. आणि बस उलटली किंवा बाजूने ठोकली तर गादीचा फारसा उपयोग नाही, म्हणून त्याच खात्याने २०१५ मध्ये प्रत्येक मुलाला खांदा आणि कंबर दोन्ही धरणारा बेल्ट हवा अशी भूमिका घेतली. छोटी व्हॅन असेल तर मात्र बेल्ट पाहिजेच, तिथे ऐकून घेऊ नका.

पण खरं सांगू का, तुम्ही चुकीच्या जागी काळजी करताय. जास्त भीती बसमध्ये नसतेच, चढता उतरताना असते. मी एकदा हौसेने उभ्या बसच्या ड्रायव्हर सीटवर बसून बघितलं, भाच्याला म्हटलं जा बंपरसमोर उभा राहा. सहा वर्षांचं पोरगं, दोन्ही हात वर करून नाचत होतं म्हणे, आणि मला काचेतून दिसली फक्त बोटांची टोकं, तीही त्याने उडी मारली तेव्हा. बसवाले काका शेजारी उभे राहून हसत होते, म्हणाले आम्हाला रोज असंच दिसतं. तेव्हापासून मी बसच्या पुढून कुणालाच जाऊ देत नाही.

मुलीला एवढंच शिकवा: उतरलं की आधी बसपासून लांब, पाच मोठ्या ढांगा, मग काय ते. बसपुढून जायचंच असेल तर दहा फूट पुढे जाऊन, काका दिसले आणि काकांनी खूण केली तरच. आणि बाटली, पेन्सिल, टोपी काहीही बसखाली गेलं तर गेलं, वाकायचं नाही, काकांना किंवा मावशींना सांगायचं, घरी कोणी ओरडणार नाही. हे शेवटचं आधी तुम्ही पाळा, कारण पोरं बाटली हरवली म्हणून ओरडा बसेल या भीतीनेच वाकतात. हुडीच्या लोंबत्या नाड्या काढून टाका, दप्तराचे लोंबणारे पट्टे आत खोचा, दाराच्या दांड्यात अडकून मुलं फरफटत गेलीयेत.

आमचा साडेतीन वर्षांचा मुलगा व्हॅनमध्ये झोपला आणि मागच्या सीटवरच राहिला. दहा मिनिटांत काकांच्या लक्षात आलं म्हणून वाचला. शाळा म्हणते "असं पुन्हा होणार नाही". विश्वास ठेवू का?

ठेवू नका. म्हणजे काका वाईट आहेत असं नाही, पण माणूस विसरतो हे धरूनच चाललं पाहिजे. जपानमध्ये २०२२ च्या सप्टेंबरमध्ये तीन वर्षांची एक मुलगी बालवाडीच्या बसमध्ये साधारण पाच तास राहिली आणि दगावली. तिची पाण्याची बाटली रिकामी सापडली. त्यात सगळ्यात जास्त काय खुपतं सांगू? वर्गातल्या शिक्षकांना ती वर्गात नाही हे दिसत होतं, पण वाटलं आज आली नसेल, आणि घरी फोन कुणी केलाच नाही. एक फोन हो! आदल्याच वर्षी तिथे असाच एक मुलगा गेला होता. मग एप्रिल २०२३ पासून बालवाडीच्या बसना यंत्र सक्तीचं केलं, त्यात इंजिन बंद केलं की अलार्म वाजतो, तो बंद करायला ड्रायव्हरला मागपर्यंत चालत जावं लागतं, किंवा मग आत कोणी राहिलंय का ते सेन्सर शोधतो.

बंद गाडी किती तापते याचा अंदाज आपल्याला नसतो. बाहेर छान २१ अंश असले तरी तासाभरात आत ४० च्या पुढे जातं आणि त्यातलं बरंचसं पहिल्या वीसेक मिनिटांतच, शिवाय लहान मुलाचं अंग मोठ्यांपेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापतं. तुमची दहा मिनिटं म्हणजे थोडक्यात निभावलं.

म्हणून शाळेला "काळजी घ्या" म्हणू नका, त्याला ते "हो हो" म्हणतील. तीनच गोष्टी लेखी मागा. चढलेली आणि उतरलेली मुलं नाव घेऊन मोजायची आणि काकांनी शेवटच्या सीटपर्यंत चालत जाऊन, सीटखाली वाकून बघायचं. आणि मूल वर्गात नसेल, घरून कळवलेलं नसेल, तर पहिल्या तासातच फोन. घरच्या सुट्टीचा मेसेज तुम्हीही न चुकता टाका, नाहीतर त्यांना रोज वीस फोन करावे लागतील आणि आठवड्यात ते कंटाळतील.

मुलाला हॉर्न वाजवायला शिकवा. जपानमध्ये बालवाड्यांनी पोरांना खरंच सराव दिला, हाताने जोर पुरत नसेल तर हॉर्नवर सरळ बसायचं! बऱ्याच गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो, तुमच्या व्हॅनचा वाजतो का ते काकांना विचारून बघा.

मी रोज बाल्कनीतून खाली येतो तोवर बस समोरच्या बाजूला आलेली असते, मी इकडून हात करतो आणि लेक पळत येते. बायको यावरून भांडते. चूक कुणाची?

तुमची. तिला बाबा दिसतात, गाड्या दिसत नाहीत. पाच मिनिटं आधी खाली उतरा आणि ज्या बाजूला बसचं दार उघडतं त्या बाजूला जाऊन उभे राहा.