पायाखालचा नळ

प्रश्न : सदाशिव पेठेतला आमचा वाडा पाडून इमारत उभी राहते आहे. पाया खणताना विटांच्या कमानीचं भुयार लागलं. बिल्डर म्हणतात, राडारोड्याने भरून टाकू. पेठा आखणीशिवायच वाढल्या, त्यात जपण्यासारखं काय? खरं आहे का हे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आधी ते भरणं थांबवा. बांधकाम चुन्यातलं असेल तर तो कात्रजचा नळ किंवा त्याची शाखा असू शकते. १७५०च्या सुमारास नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला तलाव बांधवला आणि तिथलं पाणी शनिवारवाड्यापर्यंत आणलं, तेही नुसत्या उतारावर. वाटेत जागोजागी उच्छ्वास, म्हणजे वर उघडणारी उभी तोंडं, ठेवले. त्यांतून आत उतरून गाळ काढता येई. नळाला फुटलेल्या शाखा वाड्यांच्या आणि रस्त्यांवरच्या हौदांत जात. ही आखणी नाही तर काय?

बोळ अरुंद आहेत, कारण ते पायी चालणाऱ्यांसाठी होते. वाड्याचा उजेड-वारा चौकातून येई, रस्त्याकडून नव्हे. पेठ वसवताना शेटे-महाजन, म्हणजे बाजाराचे प्रमुख, नेमत, येणाऱ्यांना करात सूट देत. भूमापनात मी बत्तीस वर्षं काढली. हे उतार मोजताना त्या लोकांबद्दलचा माझा आदर वाढतच गेला.

शुक्रवार पेठेतल्या आमच्या वाड्यात कात्रजच्या पाण्याचा हौद होता. घरात नळ आल्यावरही आजी देवाचा तांब्या हौदातूनच भरायची. १२ जुलै १९६१ला पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासला. घरचे नळ कोरडे पडले. तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. आमच्या हौदापासून दिंडी दरवाज्याबाहेरपर्यंत हंडे-कळश्यांची रांग लागली होती, आजी प्रत्येकाला आत घेत होती. पुढे तो वाडा गेला, हौद बुजवला. मी स्वतः भूमापक असून त्याचं एक मापही घेऊन ठेवलं नाही, ते आजही सलतं.

तुम्ही मापं घ्या. भुयारात कुणालाही उतरू देऊ नका, आतली हवा घातक असू शकते. वरूनच रुंदी, खोली आणि कमानीची उंची टेपने मोजा, मोजपट्टी शेजारी धरून फोटो काढा, पाणी वाहतंय का आणि कुठल्या दिशेला ते लिहा. मग महापालिकेच्या हेरिटेज विभागाला लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. पाणी अजून वाहत असेल तर बिल्डरच्या इंजिनिअरला लगेच सांगा : ते अडवलं तर नव्या इमारतीच्या पायातच मुरेल.