शब-ए-कद्र परदेशात: रात्र कोणती धरायची, जागायचं कसं

"घरच्यांची सत्ताविसावी रात्र उद्या आहे आणि इथल्या मशिदीत आजच. आम्ही कोणती धरायची?" रमजान संपत आला की परदेशातल्या कुटुंबांचा हा प्रश्न हमखास येतो. शब-ए-कद्र (लैलतुल कद्र) म्हणजे रमजानच्या शेवटच्या दिवसांतली, विषम रात्रींत आणि खास करून सत्ताविसाव्या रात्री शोधली जाणारी पवित्र रात्र. जिथे राहून रोजे धरता, तिथल्याच चंद्राचा हिशोब तुमचा. २०२५ मध्ये सौदी अरेबियात पहिला रोजा १ मार्चला होता, भारतात २ मार्चला. म्हणून सत्ताविसावी रात्र सौदीत २६ मार्चच्या संध्याकाळी लागली, भारतात २७ च्या. एकीकडची विषम रात्र दुसरीकडे सम. भारतातून आलेल्या 'आज जागायचंय' या निरोपावर चाललात तर तुमचा हिशोब चुकतो.

दुसरी चूक याहून जास्त होते. इस्लामी तारीख सूर्यास्ताला बदलते, मध्यरात्री नाही. सत्ताविसावी रात्र म्हणजे सव्विसावा रोजा सोडल्यानंतरची रात्र. सत्ताविसावा रोजा सोडून जागायला बसलेल्याची ती अठ्ठाविसावी असते. कामावरून सुट्टी घ्यायची तर ती सत्ताविसाव्या रोज्याच्या दिवशी घ्या, कारण जागरण त्याच्या आदल्या रात्री झालेलं असतं.

मुळात सगळी भिस्त एकाच रात्रीवर ठेवू नका. कुरआनची ९७ वी सूरह (अध्याय), अल-कद्र, फक्त ५ आयतींची (वचनांची) आहे. कुरआन या रात्री उतरला, ही रात्र हजार महिन्यांहून श्रेष्ठ आहे, फरिश्ते (देवदूत) आणि रूह (बहुतेकांच्या मते जिब्रील हा फरिश्ता) उतरतात, आणि फजर (पहाट) उजाडेपर्यंत सलामती असते, एवढं ती सांगते. हजार महिने म्हणजे ८३ वर्षं ४ महिने, एक अख्खं आयुष्य. तारीख मात्र ती देत नाही. हदीसमध्ये (पैगंबरांच्या वचन-आठवणींत) येतं की पैगंबर ही रात्र कोणती ते सांगायला बाहेर आले, तेव्हा दोघांचं भांडण चाललं होतं आणि ते ज्ञान उचललं गेलं. शेवटच्या दहा दिवसांत अपुऱ्या झोपेमुळे घरात आवाज चढतात, त्या वेळी ही हदीस जरूर आठवावी.

पैगंबरांच्या पत्नी हजरत आयेशा यांच्या रिवायतीत (त्यांनी सांगितलेल्या हदीसमध्ये) शेवटच्या दहांतल्या विषम रात्री शोधायला सांगितलं आहे. पैगंबरांचे सहकारी हजरत उबई बिन काब सत्ताविसावीबद्दल ठाम होते. दुसरे सहकारी हजरत अबू सईद खुदरी यांच्या हदीसमध्ये मात्र खूण एकविसाव्या रात्री पटली: पाऊस पडला आणि सजद्यात (कपाळ जमिनीला टेकताना) पैगंबरांच्या कपाळाला चिखल लागला. काही उलमा (धर्मपंडित) महिन्याच्या शेवटाकडून मोजतात, आणि महिना ३० चा निघाला तर त्या मोजणीत सम रात्री येतात. म्हणून दहाही रात्री थोडं थोडं करणं हाच शहाणपणाचा मार्ग आहे.

ज्यांना सकाळी कामावर जायचंय त्यांनी आधी दोन गोष्टी पक्क्या कराव्यात: इशा (रात्रीची) आणि फजर (पहाटेची) नमाज जमातीने, म्हणजे सगळ्यांबरोबर. सहीह मुस्लिम या हदीससंग्रहातल्या हदीसप्रमाणे इशा जमातीने पढली तर अर्ध्या रात्रीच्या आणि फजरही जमातीने पढली तर पूर्ण रात्रीच्या इबादतीचं पुण्य आहे. चारपर्यंत जागून फजरलाच डोळा लागणं ही या रात्रीतली सगळ्यात मोठी हानी. नफिलसाठी (ऐच्छिक नमाजसाठी) फर्ज (अनिवार्य नमाज) गमावू नये.

मग रात्रीचा शेवटचा तिसरा हिस्सा काढा. मगरिब (सूर्यास्ताची नमाज) ७:३०, फजर ५:०० असेल तर रात्र ९ तास ३० मिनिटांची, तिसरा हिस्सा ३ तास १० मिनिटं, म्हणजे तो १:५० ला सुरू होतो. तरावीहनंतर (रमजानमध्ये इशानंतर होणाऱ्या खास नमाजनंतर) लगेच झोपा आणि फजरच्या तासभर आधी उठा. त्यात तहज्जुदच्या (झोपून उठल्यावरच्या रात्रीच्या नमाजच्या) २-२ रकात (नमाजच्या फेऱ्या) करून ४ किंवा ८, थोडा कुरआन, मग दुआ (प्रार्थना) आणि सहरी (रोज्याआधीचं जेवण). हजरत आयेशांना शिकवलेली दुआ मुलांनाही लगेच पाठ होते: 'अल्लाहुम्म इन्नक अफुव्वुन तुहिब्बुल अफ्व फअफु अन्नी', हे अल्लाह, तू माफ करणारा आहेस, माफी तुला आवडते, मला माफ कर. मुलांना पूर्ण रात्र जागवू नका, सहरीआधी वीस मिनिटं पुरे.

तरावीहबरोबर वित्र (रात्रीची शेवटची, विषम रकातींची नमाज) झाली असेल तर तहज्जुद खुशाल पढा, वित्र पुन्हा नको. एका रात्रीत दोन वित्र नाहीत. घर शाफई आणि मशीद हनफी (दोन्ही सुन्नी विधिपंथ) असेल तर तिथे वित्र ३ रकात एका सलामाने (नमाज संपवणाऱ्या सलामाने) होते आणि कुनूत (उभ्याने केलेली दुआ) रुकूच्या (कमरेत वाकण्याच्या) आधी येते. गोंधळू नका, इमामामागे चालत राहा. 'या रात्री इतक्या रकात, प्रत्येकीत अमकी सूरह इतक्या वेळा' असे निरोप फिरतात. सुन्नी परंपरेत या रात्रीसाठी अशी ठरलेली नमाज नाही.

शिया घरांत एकोणिसावी, एकविसावी आणि तेविसावी रात्र जागतात, भर तेविसावीवर. पैगंबरांचे जावई हजरत अलींवर वार झाला तो हिजरी ४० चा एकोणिसावा रमजान, शहादत एकविसाव्याला, म्हणून त्या रात्रींना शोकाचीही किनार आहे. गुस्ल (शुद्धिस्नान), मग २ रकात, प्रत्येकीत सूरह फातिहानंतर सूरह इख्लास ७ वेळा, आणि नंतर ७० वेळा इस्तिगफार (अल्लाहकडे माफी मागणं). जोशन कबीर या दुआचे १०० भाग आहेत, ती उशिरा सुरू केली तर अर्धवट राहते. बोहरा (शियांचाच एक पंथ) घरांत तेविसावी रात्रच लैलतुल कद्र मानतात.

सदका (दान) दहा भागांत वाटून रोज एक भाग द्या, म्हणजे कोणतीही रात्र सुटत नाही. बँकेतून आपोआप जाणारी रक्कम लावताना वेळ मगरिबनंतरची ठेवा. दुपारी गेलेली रक्कम आदल्या तारखेत जमा होते.

पाळी आलेल्या स्त्रीला नमाज नाही, पण रात्र तिची गेली असं नाही. जिक्र (अल्लाहचं स्मरण), दरूद (पैगंबरांसाठीची दुआ), इस्तिगफार, वरची दुआ, कुरआन ऐकणं आणि सदका, हे सगळं तिच्यासाठी खुलं आहे. सगळे नमाजला उभे असताना तिला सहरीच्या कामाला लावू नका. तिच्यासाठीही शांत बसण्याचा तेवढाच वेळ राखून ठेवा.