बाळीवेस ते तलाव, सायकलचा रस्ता कसा ठरवायचा?

प्रश्न : आम्ही सोलापुरात बाळीवेसेत राहतो. मुलगी आठवीला आहे, सकाळी सायकलवर सिद्धेश्वर तलावाला जाते म्हणते, पुढे मैत्रिणींसोबत कंबर तलावही गाठायचाय. मोठ्या रोडने पाठवायला मन होत नाही. गल्लीतले आम्ही काहीजण मिळून महापालिकेला अर्ज देणार आहोत, त्यात नेमकं काय मागायचं? – एक आई

उत्तर : ताई, अर्जात नुसतं 'सायकल ट्रॅक पाहिजे' लिहू नका, मग रोडच्या कडेला पांढरा पट्टा मारून मिळतो आणि थोड्याच दिवसांत त्यावर गाड्या लागतात. आधी चौक सुरक्षित करून मागा. आपल्याकडे वाहनं डावीकडून चालतात, त्यामुळे उजवीकडे वळायचं म्हटलं की मागून येणाऱ्या सगळ्या गाड्यांच्या आडवं जावं लागतं, आणि डावीकडे वळणारी बस सरळ निघालेल्या सायकलला कडेला दाबते ते वेगळंच. बाकी रस्ता कितीही चांगला असू द्या, एक चौक वाईट असला की आई पोरीला पाठवत नाही, आणि ते बरोबरच आहे.

सिद्धेश्वर तलाव तुम्हाला जवळ आहे, तिथपर्यंत नवी पेठेतला मेन रोड सोडून आतल्या गल्ल्या धरा, अंतर थोडं वाढलं तरी चालेल. कंबर तलावाचं मात्र अवघड आहे, वाटेत सात रस्ता चौक आणि विजापूर रोड, गाड्या जोरात असतात. ताशी ५० ने येणाऱ्या गाडीचा धक्का ३० च्या मानाने पावणेतीन पट जोराचा असतो, म्हणून तिथे पट्टा नको, मधे कठडा घातलेली वेगळी लेन मागा, निदान दोन मीटर रुंद, आणि चौकाच्या अलीकडे स्पीडब्रेकर.

अजून एक, गटारीच्या जाळ्या स्वतः जाऊन बघून या. जाळीचे गज रस्त्याच्या दिशेने उभे असले की सायकलचं पुढचं चाक फटीत अडकतं आणि पोरगं तोंडावर आपटतं, गज आडवे पाहिजेत. खर्च फार नाही, फोटो काढून अर्जाला जोडा की. उभ्या कारचं दार अचानक उघडतं, म्हणून लेन पार्किंगला चिकटून नको, मधे मीटरभर जागा सोडायला सांगा.

ऊन आहे, इथे कोण सायकल चालवणार, असं कुणीतरी म्हणेलच. स्पेनमधलं सेव्हिल बघा म्हणावं, तिथेही उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तरी २००७ च्या सुमारास त्यांनी एकमेकांना जोडलेल्या लेन झपाट्याने केल्या आणि लोक सायकलवर आले. तुकड्यातुकड्यात केलं असतं तर कोण आलं असतं? आपल्याकडे सोबत झाडंही लावायला लागतील. जानेवारीत गड्ड्याची जत्रा भरली की होम मैदानाकडे पाय ठेवायला जागा नसते, तेवढ्या दिवसांचा पर्यायी रस्ता अर्जातच लिहून टाका.

हे सगळं होईपर्यंत पोरीला सात रस्त्याला उतरून सायकल हातात धरून चालत रोड ओलांडायला सांगा, आणि अंधार असेल तर मागचा लाल दिवा लावल्याशिवाय सोडू नका.