शिक्षक व्हावे की शिकवणारे अ‍ॅप घडवावे?

प्रिय विद्यार्थिनी,

सप्रेम नमस्कार.

तुमचे सविस्तर पत्र मिळाले. तुम्ही गणिताच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहात आणि शाळेत शिकवण्याची तुमची इच्छा लहानपणापासूनची आहे. मात्र दहा वर्षांत यंत्रेच मुलांना शिकवू लागतील, मग या व्यवसायात कशाला जायचे, असे घरचे विचारतात. आणि नेमकी आताच शैक्षणिक अ‍ॅप तयार करणाऱ्या एका कंपनीने तुम्हाला धडे लिहिण्याची नोकरी देऊ केली आहे. शिक्षकाला आज कोणत्या नव्या पद्धती यायला हव्यात, हेही तुम्ही विचारले आहे आणि स्वतः जमवलेली अकरा पद्धतींची यादी पत्रासोबत जोडली आहे. माझे मत आधीच सांगते. पुढे अ‍ॅपच घडवायचे तुमच्या मनात असले, तरी पहिली तीन-चार वर्षे तुम्ही वर्गात शिकवण्यात घालवावीत.

घरच्यांच्या शंकेपासून सुरुवात करते, कारण ती निराधार नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेचा गणित शिकण्यावर काय परिणाम होतो, हे पाहण्यासाठी तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत जवळजवळ एक हजार विद्यार्थ्यांवर प्रयोग झाला. काही विद्यार्थ्यांना सरावाच्या वेळी नेहमीचा चॅटबॉट दिला, काहींना खास तयार केलेला शिकवणी-चॅटबॉट दिला आणि उरलेल्यांनी वही व पाठ्यपुस्तकावरच सराव केला. सरावात नेहमीचा चॅटबॉट वापरणाऱ्यांचे गुण वही-पुस्तकवाल्यांपेक्षा ४८ टक्क्यांनी आणि शिकवणी-चॅटबॉट वापरणाऱ्यांचे तब्बल १२७ टक्क्यांनी अधिक भरले. त्यानंतर चॅटबॉट काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा नेहमीच्या चॅटबॉटवर विसंबलेले विद्यार्थी वही-पुस्तकवाल्यांपेक्षा १७ टक्क्यांनी मागे पडले, आणि शिकवणी-चॅटबॉटच्या गटाचे निदान नुकसान तरी झाले नाही. या दोन चॅटबॉटमधला फरक तुमच्या निर्णयाच्या दृष्टीने फार महत्त्वाचा आहे. शिकवणी-चॅटबॉट थेट उत्तर देत नव्हता. कोणत्या उदाहरणात मुले कुठे चुकतात आणि तेथे त्यांना कोणता इशारा द्यावा, ही माहिती शिक्षकांच्या मदतीने त्यात आधीच भरलेली होती. म्हणजे त्या यंत्राला शहाणपण आले ते वर्गातल्या अनुभवातून. हा अनुभव नसताना तुम्ही कंपनीत धडे लिहायला बसलात, तर मुले कशी चुकत असतील याची केवळ कल्पनाच तुम्हाला करावी लागेल.

मुलांची चूक ओळखणे म्हणजे काय, हे एका प्रसंगातून सांगते. एकदा मी सहावीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून गणिताचा तास पाहत होते. बाईंनी फळ्यावर १/३ + १/४ लिहिले आणि सर्वांना आपापल्या पाटीवर उत्तर लिहून पाटी वर धरायला सांगितले. निम्म्याहून अधिक पाट्यांवर २/७ होते. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला आणि मुले मोकळी झाली होती. बाईंनी ‘चूक’ हा शब्द उच्चारला नाही आणि लसाविही काढून दाखवला नाही. त्यांनी एवढेच विचारले, “२/७ हे १/३ पेक्षा मोठे की लहान?” वर्ग गप्प झाला. बाईही गप्प राहिल्या. ती शांतता मलाच असह्य होऊ लागली, तोच खिडकीजवळची एक मुलगी हळूच म्हणाली, “लहान आहे. पण आपण तर मिळवलंय, मग कमी कसं झालं?” बाईंनी तिला फळ्याजवळ बोलावून दोन सारख्या पट्ट्या काढायला लावल्या, आणि पुढची वीस मिनिटे वर्ग त्याच प्रश्नावर खिळून राहिला. छेद समान का करायचे, हे त्या दिवशी बाईंना सांगावे लागले नाही. त्याची गरज मुलांनाच भासली.

त्या तासात शिक्षणशास्त्रातील दोन महत्त्वाची संशोधने प्रत्यक्ष घडताना दिसत होती. मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने १९७०च्या दशकात वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा असे आढळले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात आणि मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हीच वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तर मुलांची उत्तरे लांबतात, आपण होऊन बोलणारी मुले वाढतात आणि ‘माहीत नाही’ म्हणणारी कमी होतात. दुसरे संशोधन पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम यांचे आहे. १९९८ मध्ये त्यांनी अनेक अभ्यासांचा आढावा घेऊन दाखवून दिले की शिकवणे चालू असतानाच मुलांना काय समजले हे तपासून पुढचे शिकवणे त्यानुसार बदलले, तर मुलांची प्रगती लक्षणीय होते. आपण त्याला आकारिक मूल्यमापन म्हणतो. दुर्दैवाने अनेक ठिकाणी त्याचे रूपांतर तक्ते भरण्याच्या कामात झाले आहे. वर धरलेल्या पाट्यांकडे पाहून बाईंनी आपला पुढचा प्रश्न बदलला, हे खरे आकारिक मूल्यमापन होय.

आता तुमच्या यादीविषयी. त्यातील प्रत्येक पद्धत शिकण्याच्या मागे लागू नका. आधी प्रत्येकीला एक प्रश्न विचारण्याची सवय लावा: परिणाम मोजला तो केव्हा? रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये केलेला प्रयोग यासाठी मला आदर्श वाटतो. त्यांनी विद्यार्थ्यांना एक उतारा वाचायला दिला. त्यानंतर काहींनी तोच पुन्हा वाचला, तर काहींनी न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली, तेव्हा पुन्हा वाचणाऱ्यांनी ८१ टक्के आणि आठवून लिहिणाऱ्यांनी ७५ टक्के भाग सांगितला. हीच परीक्षा आठवड्याने घेतल्यावर पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर घसरले आणि आठवून लिहिणारे ५६ टक्क्यांवर राहिले. पाच मिनिटांनी जी पद्धत सरस भासते, तीच आठवड्याने मागे पडते. गणितातही असेच आढळले. डग रोहरर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातवीच्या ५४ वर्गांत केलेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, वेगवेगळ्या प्रकारची उदाहरणे मिसळून सराव केलेल्या मुलांना महिन्याभराने घेतलेल्या चाचणीत सरासरी ६१ टक्के गुण मिळाले, तर एकाच प्रकारची उदाहरणे सलग सोडवलेल्यांना ३८ टक्के. मिसळून सराव करताना मुले अडखळतात, अधिक चुकतात आणि पाहणाऱ्याला तो तास फसल्यासारखा वाटतो. नवख्या शिक्षिकेला तो तसा चालू ठेवण्याचे धैर्य यावे, म्हणूनच हे संशोधन वाचायचे.

तुमच्या यादीत सर्वात वर ‘दृश्य, श्राव्य आणि कृतिशील अशा अध्ययनशैलींनुसार शिकवणे’ असे आहे. ते बिनदिक्कत खोडून टाका. हॅरोल्ड पॅशलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या कल्पनेमागचे पुरावे तपासले. मुलाच्या तथाकथित शैलीनुसार शिकवल्याने त्याचे शिकणे सुधारते, असे म्हणण्याजोगा आधार त्यांना सापडला नाही. भूमितीला आकृती लागतेच आणि कवितेला आवाज लागतोच, मग समोर कोणतेही मूल असो. ‘ग्रोथ माइंडसेट’, म्हणजे प्रयत्नांनी क्षमता वाढते ही धारणा रुजवणे, हे मात्र खोडू नका. त्याचे वजन तेवढे ओळखून ठेवा. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२ हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तासाभराहून कमी वेळाच्या ऑनलाइन उपक्रमाने अभ्यासात मागे असलेल्या मुलांच्या श्रेणीत चार गुणांच्या मोजपट्टीवर सरासरी ०.१ इतकीच वाढ झाली. इतक्या थोड्या खर्चात मिळालेला तो खरा लाभ आहे, पण चमत्कार नव्हे. उरलेल्या नऊ पद्धतींची छाननी तुम्हीच याच कसोटीवर करा.

नोकरीच्या भवितव्याविषयी बोलायचे, तर २०३० पर्यंत जगाला प्राथमिक आणि माध्यमिक स्तरावर आणखी ४ कोटी ४० लाख शिक्षकांची गरज भासेल, असा युनेस्कोचा अंदाज आहे. हा आकडा मी आनंदाने सांगत नाही, कारण यांतील निम्म्याहून अधिक जागा शिक्षक नोकरी सोडत असल्यामुळे भराव्या लागणार आहेत. प्राथमिक शिक्षकांमध्ये नोकरी सोडण्याचे प्रमाण २०१५ मध्ये ४.६ टक्के होते, ते २०२२ मध्ये ९ टक्क्यांवर गेले. कामाचा बोजा, अपुरे वेतन आणि साहाय्याचा अभाव ही त्याची कारणे आहेत, आणि तुमच्याही वाट्याला ती कमीअधिक प्रमाणात येतील. म्हणून पहिली शाळा निवडताना केवळ पगार पाहू नका. नव्या शिक्षकाला अनुभवी सहकाऱ्याच्या तासाला बसता येते का, आणि त्याचा तास पाहून कोणी मोकळेपणाने चर्चा करते का, हे मुलाखतीतच विचारा. जपानमधील शिक्षक एखादा पाठ मिळून आखतात, त्यांच्यापैकी एक जण तो शिकवतो, बाकीचे मुलांकडे पाहत टिपणे काढतात आणि नंतर सगळे चर्चेला बसतात. ‘जुग्यो केन्क्यू’ या नावाची ही रीत तिथे कित्येक दशके चालत आली आहे. तितकी व्यवस्था नसली, तरी एकमेकांच्या वर्गात जाण्याची मुभा देणारी शाळा नव्या शिक्षिकेला लवकर घडवते.

कंपनीला लगेच नकार कळवण्याचे कारण नाही. त्यांना लिहून विचारा: अ‍ॅपवर सराव केलेल्या मुलांची अ‍ॅप हाती नसताना, महिन्याभरानंतर चाचणी घेतली आहे का, आणि धडे लिहिणाऱ्यांपैकी किती जणांनी वर्गात शिकवले आहे? उत्तरे समाधानकारक असली, तर काही वर्षांनी त्या दाराशी पुन्हा जाता येईल, आणि तेव्हा तुमच्या हाती त्यांच्याकडे नसलेले काही असेल. त्याची तयारी मात्र अध्यापनाच्या प्रशिक्षणातील पहिल्या पाठापासूनच करावी लागेल. त्यासाठी एक वेगळी वही घाला. मूल चुकले की त्याचे उत्तर जसेच्या तसे तीत उतरवा, त्याने ते कसे काढले हे त्यालाच विचारा आणि त्याचे शब्द न सुधारता उत्तराखाली लिहून ठेवा.