चार अक्षरं आली, आता पुढे?

एमबीटीआय या व्यक्तिमत्त्व चाचणीत तुझा प्रकार आयएनएफपी (आय म्हणजे अंतर्मुख) आलाय ना? छान, पण लगेच बायोमध्ये टाकू नकोस. आधी टक्के बघ. अंतर्मुख-बहिर्मुख ५२-४८ असेल तर महिन्याभराने परत चाचणी दे. अक्षर सहज उलटतं. मूळ कल्पना कार्ल युंगची, १९२१ची. १६ प्रकारांची मांडणी ब्रिग्ज आणि मायर्स या मायलेकींची. मानसशास्त्राचे अभ्यासक तिला फारसं मानत नाहीत, हेही माहीत असू दे. गप्पांना विषय म्हणून मात्र झकास! आयएनएफपींच्या ऑनलाइन ग्रुपवर 'माझ्यासारखं कोणी आहे का?' विचारलंस की चार बदाम येतात आणि विषय संपतो. त्यापेक्षा 'फोन वाजला की तो थांबेपर्यंत मी नुसता बघत बसतो, तुम्ही?' असं लिही. बघ कशी माणसं तुटून पडतात. आणि हो, 'अंतर्मुख आहे, म्हणून उत्तर देत नाही' ही सबब तिथे चालत नाही, सगळेच तसले. नंबर इतक्यात कोणाला देऊ नकोस.