धमकी आली तर

प्रश्न : मी १७ वर्षांची आहे. इन्स्टाग्रामवर ओळख झालेला मुलगा माझे खासगी छायाचित्र पसरवण्याची धमकी देऊन पैसे मागतो आहे. घरी न कळता सुटका होईल का?

उत्तर : पैसे देऊ नकोस, एकदा दिले की मागणी वाढतच जाते. त्याला ब्लॉक करण्याआधी धमक्यांचे, त्याच्या खात्याचे आणि यूपीआय आयडीचे स्क्रीनशॉट काढ, कारण घाबरून चॅट पुसणे म्हणजे पुरावाच घालवणे. अल्पवयीनांसाठी असलेली 'टेक इट डाउन' ही विनामूल्य सेवा छायाचित्र स्वतःकडे न घेता, तुझ्याच फोनवर त्याचा सांकेतिक ठसा तयार करते आणि त्यावरून सहभागी समाजमाध्यमे ते छायाचित्र हुडकून काढून टाकू शकतात. घरी लपवण्याचा सल्ला मात्र मी देणार नाही. आईशी बोलणे फारच जड जात असेल, तर आधी १०९८ या बालमदत क्रमांकावर बोल. मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२च्या पॉक्सो कायद्यानुसार माध्यमे तुझी ओळख उघड करू शकत नाहीत.