त्याने फोन तुम्हालाच केला

*"माझा मुलगा नववीत आहे. गटारीच्या रात्री बिल्डिंगच्या गच्चीवर मित्रांबरोबर बिअर प्यायला. एक मित्र ओकून निपचित पडला. बाकीचे पळाले, ह्याने मला फोन केला. मी वर गेले आणि आधी ह्याच्या कानाखाली वाजवली. पंधराच दिवसांपूर्वी शाळेत व्यसनमुक्तीवर व्याख्यान झालं होतं, शपथही घेतली होती सगळ्यांनी. मग उपयोग काय झाला? नवरा म्हणतो, बाहेर चोरून पिण्यापेक्षा माझ्यासमोर घोटभर घेऊ दे. काय करू?" — एक आई, लालबाग*

ताई,

बाकीचे पळाले आणि तुमचा लेक थांबला. स्वतः प्यायलेला, मार बसणार हे माहीत असलेला, तरी त्याने आईला फोन लावला. घाबरलेल्या माणसाचा हात उठतो, मी तुम्हाला बोल लावणार नाही. पण आज त्याला जवळ बसवा आणि सांगा, "प्यायलास ते मला अजिबात पटलं नाही. फोन केलास ते मात्र फार बरोबर केलंस. पुन्हा कधी अडकलास, रात्री कितीही वाजता, तरी फोन कर. मी आधी येईन, मग बोलेन." हे ऐकलं नाही, तर पुढच्या वेळी तोही पळेल.

शाळेबद्दल. सडलेल्या यकृताचे फोटो आणि शपथ, एवढ्यावर मुलं थांबत नाहीत. अमेरिकेत १९८३ साली लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी वर्गावर्गात जाऊन शिकवायची मोठी योजना सुरू झाली. ती देशभर पसरली, पण नंतरच्या अभ्यासांत तिचा टिकाऊ परिणाम फारसा दिसला नाही. म्हणून तक्रार करू नका, पालकसभेत मागणी करा. मित्र ग्लास पुढे करतो तेव्हा इज्जत न घालवता नाही कसं म्हणायचं, ह्याचा मुलांकडून सराव करून घ्या म्हणावं. कोणी बेशुद्ध पडला तर त्याला कुशीवर वळवायचं, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. एकटं सोडायचं नाही, झोपून उतरेल म्हणून वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. त्या रात्री गच्चीवर ह्यातलं एक जरी पोरांना ठाऊक असतं!

आता भाऊजींचं. त्यांचा हेतू वाईट नाही, पण ह्याला ठाम नाही म्हणा. ऑस्ट्रेलियात शाळकरी मुलांचा सहा वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. घरून दारू मिळालेली मुलं त्यामुळे सुरक्षित राहिली, असं त्यात काही आढळलं नाही. उलट ती बाहेरूनही मिळवू लागण्याची शक्यता वाढली. आपला कायदाही स्पष्ट आहे. महाराष्ट्रात बिअरसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, कडक दारूसाठी २५. बाल न्याय कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते, आणि बापासाठी त्यात वेगळी सवलत नाही.

भाऊजी स्वतः घेतात की नाही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. घेत असतील, तर लेकाला चकणा आणायला खाली पाठवणं आजपासून बंद. सोडायची इच्छा असेल तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे, फोन मोफत आहे.

एक राहिलंच. त्या दुसऱ्या मुलाच्या आईला कोणी सांगितलं का? नसेल तर तुम्ही जा. आधी लेकाला सांगून जा, म्हणजे आपण चुगली केली असं त्याला वाटणार नाही. हवं तर त्यालाही बरोबर न्या.